गरुडाने केलं, साहेब!

बुडापेस्टच्या स्वातंत्र्य चौकातल्या सरकारी स्मारकाने एक खटला कायमचा निकाली काढून ठेवला आहे. मोडक्या खांबांच्या ओळीत देवदूत गॅब्रिएल उभा. तो म्हणजे बिचारी हंगेरी. हातात राजसत्तेचा गोल. वरून झेप घेणारा गरुड म्हणजे जर्मनी, आणि त्याच्या पायातल्या कड्यावर 1944 हे साल. आरोपीची ओळख पटायला आणखी काय हवं?

जर्मन फौजा 19 मार्च 1944 रोजी हंगेरीत शिरल्या, हे खरंच. पण शिरल्या त्या साथीदाराच्याच घरात. 1941पासून दोघे एकाच बाजूने लढत होते. ज्यूंना विद्यापीठात मोजूनमापून प्रवेश देणारा कायदा तर 1920चा. तेव्हा हा गरुड अंड्यातही नव्हता. पुढचे कायदे 1938, 1939 आणि 1941चे, सगळे बुडापेस्टच्या संसदेत रीतसर मंजूर झालेले.

मग मे ते जुलै 1944 या दोनेक महिन्यांत सुमारे 4,37,000 ज्यूंना गाड्यांत कोंबून पाठवलं गेलं, बहुतेकांना आउशवित्झला. ही पाठवणी करायला नाझी अधिकारी आइखमन आला तो मूठभर माणसं घेऊन. याद्या कुणी केल्या? दारं कुणी ठोठावली? डब्यांना बाहेरून कड्या कुणी घातल्या? हंगेरीचेच कारकून, पोलीस आणि सशस्त्र शिपाई. शिल्पात ते कुठेच नाहीत. गॅब्रिएलच्या शेजारी गर्दी बरी दिसली नसती, म्हणून असेल.

सोय घटनेतही आहे. 2011च्या राज्यघटनेची प्रस्तावना सांगते की देशाने स्वनिर्णयाचा हक्क 19 मार्च 1944 रोजी गमावला आणि तो परत मिळाला 2 मे 1990 रोजी. म्हणजे इतिहासातून 46 वर्षांची रजा, तीही पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर! चौकाच्या कडेच्या एका चर्चमध्ये होर्टीचा अर्धपुतळा आहे. गरुड आल्यानंतरही ऑक्टोबरपर्यंत देशाच्या प्रमुखपदावर बसलेला तो हाच. त्याच्या पायात कडं नाही. याच चौकात सोव्हिएत सैनिकांचा स्तंभ आहे आणि अमेरिकी अध्यक्ष रेगनचा पुतळाही. हंगेरीवर कुणाचे उपकार झाले, याबद्दल चौकाचं एकमत नाही.

शिल्पासमोर लोकांनी आपलं वेगळंच स्मारक मांडलं: मारल्या गेलेल्या नातेवाइकांचे फोटो, पत्रं, बूट, सुटकेसा, दगड. त्याला ना निविदा लागली, ना शिल्पकार.

सरकारी स्मारक मात्र जुलै 2014मध्ये रात्रीच्या अंधारात, पोलिसांच्या पहाऱ्यात उभं राहिलं आणि त्याचं अधिकृत उद्घाटन झालंच नाही. आमच्याकडे सार्वजनिक मुतारीच्या कोनशिलेवरही चार नावं असतात. इथे मात्र ‘हे आम्ही केलं’ म्हणत फीत कापायला एकही मंत्री पुढे येईना. बहुधा हेही गरुडानेच केलं असावं.