साडेपंचवीस इंचांचा आत्मविश्वास

वडोदऱ्याच्या मांजलपुरात ज्याच्याकडे गाडी आहे त्याला एक मत असतं आणि ज्याच्याकडे नाही त्याला दोन असतात. रविवारी सकाळी तुळसीधाम चार रस्त्याजवळच्या लारीवर सेव-उसळीचा रस्सा नाकातून वाहू लागला की ती मतं तोंडातून वाहू लागतात. हलोलच्या कारखान्यात जनरल मोटर्सच्या काळातला पत्रा जाड होता की आता एमजीच्या काळातला आहे, या मुद्द्यावर पावांची अख्खी लादी संपते. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं. तेव्हापासून, महाराजांच्या गाडीची काच आपल्याच पणजोबांनी पुसली होती असं सांगणारेही दर रविवारी एकेकाने वाढताहेत.

इथवर वांधा नाही. पण २०२४च्या ऑगस्टपासून ही मतं पाण्यात उतरली आहेत.

आमच्या सोसायटीतल्या थारवाल्या काकांना ब्रोशर पाठ आहे. गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, म्हणजे साधारण साडेपंचवीस इंच. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट. आकडे इतके जुळले की काकांनी नदीला बरोबरीची मानलं. इंच आणि फूट हा किरकोळ तपशील. त्या ऑगस्टच्या अखेरीस नदी ३५ फुटांच्या वर गेली. वडसरपासून अकोट्यापर्यंत वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, आणि काका गाडी काढून 'चेक करायला' निघाले.

ब्रोशरमधलं पाणी शहाणं असतं. ते उभं असतं, त्याच्या तळाशी रस्ता असतो, आणि त्या रस्त्याचं गटार कुणी उघडं टाकलेलं नसतं. खरं पाणी वाहतं. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी ढकलली जाते. दोन फुटांना बहुतेक गाड्या तरंगून निघतात, एसयूव्हीसुद्धा. काका गल्लीच्या बाहेर काही गेले नाहीत, पण तेवढ्यात व्हायचं ते झालं. तळमजल्यावरच्या बेननी सकाळपासून सुपलीनं पाणी उपसून, उंबऱ्याला जुन्या साड्यांची गुंडाळी लावून घर कसंबसं राखलं होतं. थारनं उठवलेली लाट ती गुंडाळी घेऊनच आत गेली आणि फ्रीजखाली जाऊन थांबली. बेन काय बोलल्या ते छापता येणार नाही. काका मात्र खूश होते. इंजिन एकदाही अडखळलं नव्हतं.

दुसरे आमचे हॅचबॅकवाले भाऊ. त्यांची गाडी दोन दिवस बोनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर सगळ्या सोसायटीनं बोनेटभोवती कडं केलं, आणि प्रत्येकाचं मत पडलं: एकदा सेल मारून बघा! हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना सेल मारला, तर पिस्टन वर येतो, पाणी काही दबत नाही, आणि मधल्या मध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. भाऊंनी सेल मारला. खट् आवाज आला आणि गाडी गप्प झाली. मग डिपस्टिक ओढली, तर ऑइल दुधाळ चहासारखं. सर्व्हेअर आला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, पुरानंतर चालू करून बघितली होती का? भाऊंनी सोसायटीकडे पाहिलं. सोसायटी आकाशाकडे पाहत होती. 'इंजिन प्रोटेक्ट'चं जादा कव्हर घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, हेही मत सोसायटीचंच होतं.

इलेक्ट्रिकवाले या सगळ्यांकडे करुणेनं बघतात. त्यांच्या बॅटरीला आयपी-६७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. त्यातला 'अर्धा तास' हा शब्द विश्वामित्रीला कुणी कळवला नाही.

आता प्रत्यक्षात कोण कामाला आलं ते बघा. लष्कर आणि एनडीआरएफच्या बोटी आल्या, ट्रॅक्टर आले. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्यानं वस्तीतून २४ मगरी पकडल्या. त्याच सुमारास दोन तरुण स्वयंसेवक एक मगर तोंड बांधून, स्कूटरवर दोघांच्या मध्ये आडवी धरून वनखात्याकडे घेऊन गेले. त्या स्कूटरचा ग्राउंड क्लिअरन्स कुणी विचारला नाही. आणि २०१९च्या ३१ जुलैला, जेव्हा चोवीस तासांत वीसेक इंच पाऊस पडला, तेव्हा एका फौजदारानं दीड महिन्याचं बाळ प्लास्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर धरून गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं होतं. टब कुठल्या कंपनीचा होता यावर आमच्याकडे अजून चर्चा झालेली नाही. होईल.

पाण्याचं हे, तर रसायनांचं विचारूच नका. एका अंगाला मकरपुरा जीआयडीसी, शहराच्या वरच्या अंगाला कोयली, बाजवा आणि नंदेसरी. हायवेवर उभं राहिलं तर टँकर मोजता मोजता दुपार होते. आमची मंडळी टँकर नुसत्या आवाजावरून ओळखतात. किती चाकी, कुठला टर्बो, गिअरबॉक्स कुणाचा, सगळं. आत काय आहे? 'केमिकल!' त्याच टँकरवर कायद्यानं एक फलक लावलेला असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १११४ म्हणजे बेंझिन, १०१७ म्हणजे क्लोरीन. वरच्या सांकेतिक खुणेतला पहिला आकडा अग्निशमनवाल्यांना सांगतो की आग कशानं विझवायची. ३ असेल तर फेस, आणि ४ असेल तर पाण्याला हातही लावायचा नाही. काकांना मी हा फलक दाखवला. ते म्हणाले, "फॅन्सी नंबर दिसतोय, आरटीओत बरेच मोजले असणार."

११ नोव्हेंबर २०२४ला कोयलीच्या रिफायनरीत बेंझिनची टाकी पेटली, दोन माणसं गेली, धूर लांबवर दिसला. त्या संध्याकाळी लारीवर ठरलं की अशा वेळी काचा वर करून एसी रिसर्क्युलेशनवर टाकायचा, केबिनमध्ये पीएम २.५ फिल्टर आहेच. तो फिल्टर धुळीसाठी असतो, वायूसाठी नव्हे, हे सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "टॉप मॉडेलमध्ये असतो तो." वारा कुठून कुठे वाहतोय हे बघून आडव्या दिशेनं निघायचं असतं. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खाली उतरून बसतो, म्हणून आपण वर जायचं असतं. पण मांजलपुरातला माणूस भोंगा वाजो की पूर येवो, पहिल्यांदा खाली बेसमेंटमध्ये जाणार. गाडी तिथे आहे ना! २०२४च्या ऑक्टोबरात स्पेनच्या वॅलेन्सियात पूर आला तेव्हाही लोक गाड्या काढायला तळघरांत उतरले होते. बरेच जण वर आलेच नाहीत. हे सांगितल्यावर लारीवर क्षणभर सगळे गप्प झाले. मग एकानं विचारलं, तिकडे डिझेल काय भाव आहे?

गेल्या पावसाळ्याआधी सोसायटीची मीटिंग झाली. मी दोर, सहा लाइफ जॅकेट आणि टँकरच्या फलकांचा एक तक्ता जिन्यात लावावा असं सुचवलं. खर्चाचा प्रश्न असल्यानं विषय पुढच्या मीटिंगवर गेला. दुसरा ठराव मात्र एकमतानं पास झाला: नदीनं २० फूट ओलांडताच सर्व गाड्या लालबागच्या पुलावर न्यायच्या, फ्लॅट नंबरप्रमाणे जागा द्यायच्या, पाहुण्यांची पार्किंग वेगळी.

पुलाच्या मधोमधची, सगळ्यात उंच जागा थारवाल्या काकांनी मागितली आहे.