जरतरराव

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक कट्ट्यावर एक तरी जरतरराव असतो. गाव सांगलीकडचं, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढायचे आणि शनिवारी तोच हात सिनेमावर साफ करून घ्यायचा. मध्यंतरात, समोसा घशाखाली उतरायच्या आत सुरुवात होते, "त्यानं तो फोन उचलला असता, तर?" तर काय, आपण घरी गेलो असतो. वहिनी हल्ली थिएटरात दोन खुर्च्या सोडून बसतात.

'सैराट'वर त्यांचा विशेष जीव. "आर्ची-परश्या हैदराबादला पळाले, तिथंच घोळ झाला. इथं यायचं ना! नीलाद्री रोडला खोली मिळाली असती. आणि त्यांना मारायला निघालेला तिचा भाऊ सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून, शिव्या देत गावाला परत गेला असता." बग क्लोज! म्हणजे जातीचा प्रश्न पत्ता बदलून सुटला.

खरं तर हा जर-तरचा नाद अगदीच टाकाऊ नाही. 2016 साली नागराज मंजुळेंनी 'सैराट'च्या शेवटी सगळा आवाजच काढून घेतला. तिथं संगीत वाजलं असतं तर, हे विचारून बघावं; तो निर्णय केवढा धाडसाचा होता ते लगेच कळतं. 2018 च्या 'धडक' या हिंदी रिमेकनं तर आपल्याला आयतं उत्तरच दिलं. तिथं नायिका वाचते, नवरा आणि मूल जातं, आणि जात बरीच पुसट होते. समीक्षकानं 'तर' म्हणावं ते असं, समोरच्या सिनेमात काय आहे ते उघडं करणारं. जरतररावांचा 'तर' मात्र सिनेमातली अडचणच काढून टाकतो. मग पडद्यावर उरतात फक्त पाट्या.

पाहुणे आले की ते त्यांना रामनगरला नेतात आणि 'शोले'च्या खडकांपुढे उभं राहून ठेवणीतली तक्रार काढतात, "ठाकूरनं गब्बरला मारायलाच हवं होतं." एकदा एका कॉलेजकुमार पाहुण्यानं सांगितलं, "काका, रमेश सिप्पींनी तसंच शूट केलं होतं. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवून मारतो. पण आणीबाणी होती, सेन्सॉरला ते चाललं नाही, म्हणून शेवट बदलून पोलीस आणले."

जरतरराव परतीच्या वाटेवर बिडदीपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सिप्पींना माझा मुद्दा पटला होता."

2025 मध्ये 'शोले'ची मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत आधी इटलीत बोलोन्याला दाखवली गेली, मग आपल्याकडे थिएटरात आली. जरतररावांनी सगळ्या कट्ट्याची तिकिटं स्वखर्चानं काढली. ठाकूरनं गब्बरला मारलं. दिवे लागले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय.

"बाकी ठीक आहे," ते उठत म्हणाले, "पण शेवटी पोलीस यायला हवे होते."