डीजेच्या लाल दिव्यास खुले पत्र

प्रति,
मा. लाल दिवा साहेब,
अँप्लिफायरची पुढली बाजू, वरातीची गाडी, मंगरूळपीर.



१ जुलै १९९८ ला अकोल्यातून आमचा वाशीम जिल्हा वेगळा निघाला आणि लाल दिव्याच्या गाड्या आम्हाला जवळ आल्या. १ मे २०१७ पासून साहेबलोकांच्या गाड्यांवरचे ते दिवे उतरले. आपण मात्र अजून लग्नसराईत मिरवता, याबद्दल अभिनंदन. वाईट इतकंच की आपल्याला इथं कुणी भीत नाही. डीजेवाले भाऊ आपल्याला रोषणाईतच धरतात. गाणं रंगात आलं की आपण लुकलुकता, नवरदेवाचे मित्र रंगात आले की विझतच नाही, आणि भाऊ खुशीत म्हणतात, "आता कुठं मशीन गरम झालं!"

आपला निरोप खरं तर साधा असतो: मशीनची ताकद संपली, आता आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटले जाताहेत. पण शेंडा छाटलेली लाट दुबळी होत नाही. पूर्ण चौकोनी झाली तर तेवढ्याच उंचीच्या साध्या गोलसर लाटेच्या दुप्पट वॅट देते. म्हणजे ५०० वॅटचं मशीन ६०० वॅटच्या बेसला हजाराच्या आसपास पाजू शकतं. त्यातल्या दर शंभर वॅटमधले जेमतेम चार-पाच आवाज होतात. बाकीचे कॉइलला शेकतात. म्हणून "मशीन लहान, स्पीकरले काय होते?" हा भाऊंचा सिद्धांत आम्हाला फार आवडतो. जळालेला स्पीकर रिकोन करणाऱ्यालाही.

भाऊंच्या बॉक्सवर ४००० वॅट छापलंय. ते पीक, म्हणजे क्षणभराचं. त्याची आरएमएस, म्हणजे सतत पेलायची, ताकद १०००. दोन्ही आकडे एकाच कागदावर असतात, पण भाऊंची नजर मोठ्या माणसांसारखी मोठ्या आकड्यावरच जाते. पुढचा पराक्रम ओहमचा. आठ ओहमचे दोन बॉक्स एका चॅनलवर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोन. मशीनवर लिहिलंय 'किमान चार'. पण वरात मोठी, पाहुणे मोठे, म्हणून चारही बॉक्स लावायचे. जनरेटरचा व्होल्टेज आधीच बसलेला. मग मशीन ऐन चौकात मान टाकतं आणि वऱ्हाड बँडवाल्याला शोधत फिरतं.

हिशोब खरं तर एवढाच: अशा दोन बॉक्सना चार ओहमवर तीन ते चार हजार वॅट देणारं मशीन, तीसेक हर्ट्झखालचं अडवणारा फिल्टर आणि नीट बसवलेला लिमिटर. (लिमिटर नसेल तर तेच मोठं मशीन कोन फाडून दाखवतं, भाऊंनी तोही प्रयोग केलाय.) आणि एवढं करून वॅट दुप्पट केले तर पदरात पडतात तीन डेसिबल. नाचणाऱ्याला ते जेमतेम कळतात.

सबब विनंती अशी की आपण पदभार लिमिटर साहेबांकडे सोपवावा. ते लुकलुकत नाहीत, कुणाला इशारा देत नाहीत, परस्पर आवाज दाबतात. अधिकाऱ्याला शोभेल असं वागणं तेच.

आपला,
वरातीच्या रस्त्यावर राहणारा एक

ता. क. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. त्या हिशोबानं आपल्याला पेटण्याची वेळच यायला नको होती.