पटावरची जनावरं

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्याच्या 27व्या कलमानं दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम लावायला मनाई केली आहे. म्हशीबद्दल कायदा काहीच बोलत नाही. या मौनाचा कंधार तालुक्यातल्या आमच्या वाडीनं पुरेपूर फायदा घेतला.

वाडीच्या लेखी सर म्हणजे शिकलेला माणूस. ज्याला माणसांची पोरं कळतात त्याला गुरांची का कळू नयेत, असा सरळ हिशेब. त्यामुळं रुजू झालो त्या पावसाळ्यात मला जे जे विचारलं गेलं, त्यातलं काहीही डी.एड.ला नव्हतं. गाभण म्हशीला लस टोचावी का? औषधाची तारीख उलटली का? (बाटलीवर इंग्रजी असतं, म्हणून बाटली माझ्याकडं.) एकदा विम्याचा कागद आला. त्यात शिंगांचं वर्णन विचारलं होतं. मी 'मध्यम' लिहिलं. मालक जागचा उठला. "मध्यम कामून लिवलाव सर? अख्ख्या शिवारात असली शिंगं न्हाईत." शेवटी खाडाखोड करून 'उत्कृष्ट' लिहिलं आणि शेजारी सही केली. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीसाठी एकाही पालकानं माझ्याशी एवढी हुज्जत घातलेली नाही.

मी लोह्याहून अपडाऊन करायचो. हे असं उघड लिहिणं बरं नव्हे, कारण कागदोपत्री प्रत्येक गुरुजी मुख्यालयी राहतो आणि तसा ग्रामसभेचा ठराव फायलीला असतो. पण वाटेवरच्या कुत्र्यांना ठराव दाखवता येत नाही. मन्याडच्या खोऱ्यातल्या त्या रस्त्यावर दर गावची कुत्री आपापल्या शिवेपर्यंत गाडीमागं धावायची आणि शीव आली की जागच्या जागी थांबायची. कार्यक्षेत्राबाहेर एक पाऊल नाही. तिथून पुढचा पदभार पुढच्या गावाकडं. शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींचं घड्याळ हेच होतं. आमची कुत्री भुंकली की सर आले, सर आले की हजेरी, आणि हजेरी कळली की माणशी 100 ग्रॅमच्या हिशेबानं तांदूळ वैरायचे. एकदा मी कुत्र्यांना बिस्किटं टाकून गप्प केलं. त्या दिवशी खिचडीला दुपारचे अडीच वाजले. "सर, तुमी आलाव कधी?" मावशींनी विचारलं, "आवाज न्हाई काई न्हाई." बिस्किटं बंद केली.

पुढं नोव्हेंबर 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं इथून भटकी कुत्री हटवायला सांगितलं आणि संस्थांनी त्यासाठी नोडल अधिकारी नेमावा असंही म्हटलं. आमची शाळा दोन शिक्षकी. एक मुख्याध्यापक. राहिलेला नोडल अधिकारी मी. माझ्या या नियुक्तीची प्रत कुत्र्यांपर्यंत पोचली नसावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नेहमीइतकंच पळवलं.

शाळेत आल्यावर हजेरी. शहरातल्या मुलाला ताप येतो, पोट दुखतं, मामाचं लग्न असतं. आमच्या मुलांची तब्येत ठणठणीत. आजारी पडायची ती जनावरं. शेळीला पोटफुगी, वासराला हगवण, म्हैस आज-उद्याला. म्हैस व्याली की ते पोरगं तीन दिवस गायब आणि चौथ्या दिवशी खरवसाचा डबा घेऊन हजर. आता डबा हातात धरून रागवायचं कसं? मग मी आधीच घरी जायला लागलो. पोरगं दिसलं नाही की मधल्या सुट्टीत थेट गोठ्यात. बापाला ते फारसं रुचायचं नाही, कारण सर गोठ्यात आले की पोरगं शाळेत आणि शेण बापाच्या वाट्याला. दसरा सरला की ऊसतोडीची टोळी उठायची. बैलगाडीत भांडी, कोंबड्या, धाकटी पोरं, सगळं एकावर एक. चालत्या गाडीमागं जाऊन मी पोराच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचो, म्हणजे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसवून घ्यावं. ज्यांची आजी गावात राहायची ती पोरं मागं उरत, आणि आजीबरोबर शेळ्याही उरत. त्या शाळेत आणल्या तर पोरगं येई, नाहीतर दोघंही नाहीत. मी व्हरांडा मोकळा केला.

शेळ्या उस्मानाबादी. ही जात जुळी करडं देण्यात नावाजलेली, त्यामुळं व्हरांड्यातला पट वर्गातल्या पटापेक्षा भराभर वाढला. पोषण आहाराच्या परसबागेत लावलेली मेथी त्यांनी तपासणीच्या आदल्या दिवशी तपासली. पण खरा घाव गणितावर बसला. पहिली-दुसरीला दशक-एकक शिकवायला मी ज्वारीच्या धाटांचे तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधले होते, सुट्ट्या काड्या डब्यात ठेवल्या होत्या. जेवून परत येतो तर शेळीनं सगळे दशक खाऊन टाकलेले. डब्याला झाकण होतं म्हणून एकक वाचले. दुसरीतली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुराटीचे करा. तुराटी ती खाईना." साहित्यनिर्मितीच्या एकाही प्रशिक्षणात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुराटीचे दशक अजून शाबूत आहेत.

त्यात टॅग आले. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. पोराच्या आधारवरही बाराच आकडे. पशुवैद्यकाकडची माणसं आली आणि आठवड्यात वाडीतली यच्चयावत गुरं नोंदवून गेली. इकडं आधार जुळत नाही म्हणून चौथीतलं एक पोरगं पोर्टलवर वर्षभर लाल दिसत होतं. शाळेत एक नाव, आधारवर दुसरं, आणि आजी तिसऱ्याच नावानं हाक मारायची. संचमान्यतेत आधारवाल्या पोरांचाच पट धरतात आणि त्या पटावर शिक्षकाचं पद टिकतं. म्हणजे त्या पोराच्या बोटांच्या ठशांवर माझी नोकरी उभी, आणि ठसे शेणामातीनं झिजलेले. त्याच्या बापाला मी हे सगळं समजावून सांगितलं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "सर, मी काय म्हन्तो, ह्याच्या बी कानात मारून टाका की."

या सगळ्यातून माझा जो काही अभ्यास झाला त्याची परीक्षा माळेगावला झाली. माळेगाव लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर. मार्गशीर्ष वद्यात तिथं खंडोबाची यात्रा भरते. देवस्वारी निघते, बेलभंडारा उधळतो, आणि पलीकडच्या माळावर घोडे, उंट, गाढवं, कुत्री असा बाजार पसरतो की वर्गातला 'पाळीव प्राणी' हा तक्ता गुंडाळून ठेवावा. यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते, म्हणजे जी माझा पगार काढते तीच. चौथीतलं ते लाल पोरगं आणि त्याचा बाप मला बैल बघायला घेऊन गेले. मी का, तर पावती लिहायला.

लाल कंधारी ओळखायला डोळे पुरतात. तांबडाभडक रंग, डोळ्यांभोवती काळी कडा, आणि आमच्याच तालुक्याचं नाव. अडलं ते लातूरकडच्या देवणीवर. पांढऱ्यावर काळं एवढंच मला दिसलं, आणि मी म्हणालो, "शेवरा."

"शेवरा न्हाई सर, बालांक्या," पोरगं म्हणालं. "शेवऱ्याला डाग अंगभर ऱ्हातेत. ह्याला पोटाखालीच हायत. वाकून बगा."

मी वाकून बघितलं. डाग पोटाखालीच होते.

"आन् तोंडाच्या बाजूला काळं असलं तर?" त्यानं मलाच विचारलं.

"वानेरा," मी म्हणालो.

"बराबर," तो म्हणाला. शाबासकीचा सूर त्यानं माझ्याकडूनच उचललेला होता.

बक्षिसाच्या जनावरांच्या मांडवाशी मी जरा रेंगाळलो. एक वळू उभा होता, अंगावर झूल, कपाळाला गुलाल. परीक्षकांनी त्याच्याभोवती चक्कर मारली, दात बघितले, पाठीवर हात फिरवला आणि वहीत लिहून घेतलं. संपलं. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी इच्छुकाला स्वतःचा प्रस्ताव स्वतः करावा लागतो. उपक्रमांचे फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणं, वरिष्ठांच्या शिफारशी, अशी फाईल फुगवावी लागते. त्या वळूच्या चेहऱ्यावर कसलीही फाईल न केल्याचं जे तेज होतं, ते मी आजवर एकाही पुरस्कारप्राप्त गुरुजीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

सौदा टॉवेलाखाली झाला. दलाल आणि बाप, दोघांचे हात आत, बोटं धरून भाव चाललेला, आणि दोघं तोंडानं पावसापाण्याचं बोलत होते. त्याआधी उघड चौकशी झाली होती. वय दातांवरून: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. त्यानंतर चाल. त्यानंतर चारा किती. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, खोड. मारका आहे का, औताला बसतो का, दावं तोडतो का. इथं खोटं बोलायचं नसतं. खोड लपवून विकलेला बैल घेणारा परत आणून दारात बांधतो, आणि पुढच्या बाजारात त्या माणसाजवळ कुणी उभं राहत नाही. विकणाऱ्यानं सांगितलं, "येक हाय. बांधावरचं गवत सोडत न्हाई." बापानं मान हलवली आणि मी पावती लिहिली. रंग, शिंगं, टॅगचे बारा आकडे. शिंगं 'उत्कृष्ट'.

यंदा माझी बदली झाली. 27 फेब्रुवारी 2017च्या शासन निर्णयापासून आमच्या बदल्या संगणकावर होतात. वरचा माणूस तुमची शाळा मागतो, तुम्हाला खो बसतो, तुम्ही पुढच्याला खो देता. पोरांना ओळीत बसवून खो-खो शिकवणाऱ्या माणसाला म्हातारपणी तोच खेळ खेळावा लागतो. मला मिळालेलं गाव मुखेडकडचं. आमच्या सरपंचांची तिथं सोयरीक. निरोपाचा नारळ देऊन झाल्यावर त्यांनी पारावर बसून तिथल्या सरपंचांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. मी समोरच उभा होतो.

"सर कसे हायत?" पलीकडून आवाज आला.

"लई चांगले."

"वय?"

"जुळलेले हायत. पर कामाला हायत अजून."

"चाल?"

"संथ हाय. येळेवर येतेत."

"मारतेत का?"

"छ्या. आंगाला हात लावत न्हाईत."

"खानंपिनं?"

"च्या. बिनसाखरंचा."

"आन् खोड?"

सरपंचांनी माझ्याकडं बघितलं, टोपी सारखी केली. "येक हाय. लपवत न्हाई. पोरगं शाळंत दिसलं न्हाई की घरी येतेत. पार गोठ्यात येतेत."

पलीकडं काही वेळ कुणीच बोललं नाही. मग हळूच प्रश्न आला.

"दुसरं कुनी न्हाई का दावनीला?"