शशपक्षित्वविचार

आमच्या नैयायिकांनी सशाला शिंग नाही एवढे ठरवण्यात शतके खर्ची घातली. 'शशशृंग' हे नसलेल्या वस्तूचे ठरीव उदाहरण होऊन बसले. सशाला पंख आहेत की नाहीत, ही शंका मात्र एकालाही आली नाही. ती येण्यासाठी जपानी शिकावे लागते.

जपानीत वस्तू नुसती मोजता येत नाही. आधी तिचा आकारउकार पाहायचा, मग आकड्याला साजेसे शेपूट लावायचे. पेन्सिल, छत्री, बाटली अशा लांबोड्या वस्तूंना 'होन', कागद, सदरा, ताटली अशा चपट्यांना 'माइ', पुस्तकांना 'सात्सु'. बेसबॉलमधल्या होम रनलाही 'होन'च. चेंडू लांब जातो म्हणून असेल. मांजराला 'हिकी', हत्तीला 'तोउ'. पक्ष्यांना 'वा', तो लिहिण्याच्या चिन्हाचा अर्थ पीस किंवा पंख. आणि सशालाही 'वा'!

मराठी माणसाने हसू नये. आपण माणसांना 'दोघे', 'तिघी' म्हणतो. 'तिघी खुर्च्या' कोणी म्हणत नाही. 'चार जण' यातला 'जण' तरी दुसरे काय करतो? (जपानीत हे चार जण 'योनिन'. चारला 'शि' असेही म्हणतात, पण 'शिनिन' म्हणजे मृत माणूस, म्हणून कोणी त्या वाटेला जात नाही.)

आता पूर्वपक्ष. चार पायांचे मांस वर्ज्य असल्याने भिक्षूंनी सशाला पक्षी ठरवून पानात वाढून घेतले, असे सांगतात. यावर आक्षेप असा की इ.स. ६७५ मध्ये तेन्मु सम्राटाने ज्यांचे मांस खायला बंदी केली त्या यादीत गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि चक्क कोंबडी आहे. ससा नाहीच. म्हणजे सुटकेसाठी ज्या जातीत शिरायचे तिची कोंबडी आत अडकलेली आणि ससा मुळातच बाहेर मोकळा! उत्तरपक्ष म्हणतो, फर्मान वेगळे आणि लोकांचा सोवळेपणा वेगळा. तो पुढे वाढत गेला. एदो काळात रानडुकराचे मांस 'यामाकुजिरा', म्हणजे डोंगरी देवमासा, या नावाने खपत असे. हिरोशिगेच्या १८५८ सालच्या एका बर्फाळ चित्रात या नावाची पाटी ठळक दिसते. डुक्कर देवमासा होत असेल, तर सशाने पक्षी व्हायला कोणाची हरकत?

लांब कान पंखांसारखे दिसतात, हा दुसरा पक्ष. गाढवाला 'वा' लावत नाहीत, तेव्हा तो इथेच निकालात निघतो.

तिसरा पक्ष व्युत्पत्तिवाद्यांचा. ससा म्हणजे 'उसागि'. 'उ' म्हणजे पाणकावळा, 'सागि' म्हणजे बगळा. एका सशात दोन पक्षी! शास्त्र म्हणून हे टिकणारे नाही, पण मला तिन्हींत हेच आवडते. निरुक्तकार यास्कानेही पाठ थोपटली असती.

खरी पंचाईत अनुवादकाची. 'निवा नि वा निवा निवातोरि गा इरु' हे जपानी जिभेची कसरत करणारे वाक्य. अर्थ एवढाच की अंगणात दोन कोंबड्या आहेत. मराठीत आणले की कसरत गेली, कोंबड्या तेवढ्या उरल्या. सशांचे तेच. 'दोन ससे' म्हटले की पंख गळाले, 'दोन पिसे ससे' म्हटले की संपादक फोन करतो, आणि तळटीप द्यावी तर ती कथेपेक्षा लांब.

सिद्धान्त असा : परीक्षेत 'वा' लिहावे. बोलताना आज बरेच जपानी सशाला 'हिकी' लावतात, तेही चालते. पण तिथे एक म्हणजे 'इप्पिकी', तीन म्हणजे 'सान्बिकी', असा उच्चार पालटतो. 'वा'चेही तीनवर 'बा' होते. दोनवर मात्र 'निवा' आणि 'निहिकी' दोन्ही सरळ राहतात. तेव्हा नवशिक्याने दोनच ससे पाळावेत, आणि दोन्ही नर असल्याची खात्री करून घ्यावी.