सायकल न सोडणारे आप्पा

जालना रस्त्यावरच्या करमाडसारख्या गावात साठी ओलांडलेला एक गृहस्थ हमखास आढळतो. नाव काहीही असो, गाव त्याला आप्पाच म्हणतं. डोक्याला रुमाल, अंगात पांढरा सदरा आणि बुडाखाली डबल दांडीची काळी सायकल. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत जमीन गेली, मोबदल्यातून पोरानं जीप आणली. ती अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. आप्पा मात्र दूध घालायला, बाजाराला आणि गुडघा दाखवायला दवाखान्यातही सायकलवरच जातात.

दुखण्याचं निदान ते डॉक्टरच्या आधीच करून ठेवतात. गुडघ्यातलं वंगण संपलंय, कंबरेला आउट आलाय, मानेचे छर्रे गेलेत. सायकलचं ओव्हरहॉलिंग दर पावसाळ्यानंतर न चुकता होतं. गुडघ्याचा एक्स-रे कपाटावर धूळ खातो. “काही दिवस सायकल बंद,” असं डॉक्टरांनी बजावलं तर त्या दिवसांत आजचा दिवस धरायचा नसतो, कारण सायकल दवाखान्याच्या दारात उभी असते आणि ती घरी कोण नेणार? उद्याचा दिवस धरला तर दूध नासतं. परवा बाजार असतो. हात प्लास्टरमध्ये असला तरी अडत नाही. ब्रेक तसाही एकच लागतो, असं त्यांचं मत आहे.

पंचाईत अशी की आप्पांचं सगळंच चुकीचं नसतं. साधं चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो; सायकलवर बूड सीटवर टेकलेलं असल्यानं तो बराच कमी होतो. म्हणूनच झिजलेल्या गुडघ्यांना डॉक्टर सायकलचा व्यायाम सुचवतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० साली पार्किन्सनच्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती. चार पावलं टाकताना अडखळणारा तो माणूस सायकल मात्र व्यवस्थित चालवत होता. ही बातमी आप्पांपर्यंत पोचलेली नाही, हे घरच्यांचं नशीब. डॉक्टरांच्या सल्ल्यातला ‘सायकल चांगली’ एवढाच भाग त्यांच्या कानात शिरतो. ओझं नको, चढ नको, सीट वर घ्या, हे बाहेरच राहतं. सीटचा मुद्दा खरं तर मोलाचा आहे. पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहावा एवढी सीट उंच हवी. ती खाली असली की गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. पण उंच सीटवरून पाय जमिनीला पुरत नाहीत. त्यामुळे सीट खाली, आणि कॅरिअरवर सरकीच्या पेंडीचं पोतं.

चढणं-उतरणं हा प्रकार जवळून पाहण्यासारखा असतो. पूर्वी डावा पाय पायडलवर ठेवून, उजव्यानं दोन ढकल्या मारून टांग टाकली जाई. आता टांग सीटपर्यंत पोचत नाही. म्हणून सायकल ओट्याला लावायची, ओट्यावर उभं राहायचं, दांडीवरून पाय हळूच पलीकडे सोडायचा आणि नातवाला म्हणायचं, “ढकल रे.” उतरायलाही ओटाच लागतो. त्यामुळे आप्पांचा रस्ता ओट्यांवरून आणि पारांवरून ठरतो. मध्ये कुणी भेटलं तर थांबण्याची सोय नाही. ज्याला बोलायचं असेल त्यानं शेजारून पळावं. कितीतरी सोयरिकींची प्राथमिक बोलणी अशी धापा टाकत झाली आहेत.

हा नमुना एकट्या मराठवाड्याचा नव्हे. इटलीचा फिओरेन्झो माग्नी १९५६च्या जिरो द’इटालिया शर्यतीत पडला आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. त्या बाजूच्या हातानं हँडल ओढता येईना, तेव्हा हँडलला ट्यूबचा तुकडा बांधून दुसरं टोक त्यानं दातात धरलं, आणि शर्यतीत दुसरा आला. आप्पांच्या तोंडात तंबाखू असल्यानं हा उपाय करमाडात चालण्यासारखा नाही.

घरचे आपल्या परीनं लढतात. किल्ली लपवली जाते, हवा सोडली जाते, व्हॉल्व्ह डाळीच्या डब्यात जातो. पण नातू फितूर असतो आणि पंक्चरवाला जुना दोस्त. जालना रस्त्यावरच्या कंटेनरांची भीती घातली तर आप्पा सांगतात की आपण उलट्या बाजूनं जातो, म्हणजे येणारा दिसतो. समृद्धी महामार्गावर सायकलला मज्जावच आहे. त्या रस्त्याला ओटे नाहीत, एवढंच म्हणून ते विषय संपवतात.

शेवटी एक दिवस ओट्यावरूनही पाय पलीकडे जात नाही. घरात काठी येते आणि दाराआड उभी राहते. काठी म्हाताऱ्यांसाठी असते. आप्पा सायकल हातात धरून चालू लागतात. हँडलचा आधार काठीपेक्षा चांगला असतो, पिशव्याही अडकवता येतात. वाटेत कुणीतरी विचारतंच, “काय आप्पा, पंक्चर?”

“हो ना,” आप्पा म्हणतात. “मागचं.”