जरा उघडून बघतो

वस्तू बिघडली की आपल्याला हळहळ वाटते. डेकवाल्या काकांना भूक लागते. ‘टेप बंद पडलाय’ एवढं कुणी जिन्यात नुसतं पुटपुटलं, तरी तिसऱ्या मजल्यावरून आधी स्क्रू-ड्रायव्हर आणि त्याच्यामागून काका खाली येतात. काय झालं, कधीपासून झालं, असल्या चौकशा नाहीत. ‘जरा उघडून बघतो’ हेच त्यांचं निदान आणि हाच उपचार.

असे एक काका पुण्यातल्या जुन्या सोसायटीत असतातच. बँकेतून नाहीतर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बुधवारी आणि रविवारी ते घरी सापडत नाहीत, कारण त्या दिवशी जुना बाजार भरतो. भंगाराच्या ढिगातला कॅसेट डेक ते भाव विचारण्याआधी कानाशी धरून हलवतात. आत काही खुळखुळलं, की दुकानदाराला दाखवायला चेहरा पाडायचा आणि मनात उकळ्या फुटू द्यायच्या. चुकून एखाद्यानं बॅटरी लावून डेक वाजवूनच दाखवला, तर काका तो लगेच खाली ठेवतात. “चालतोय? मग नेऊन करू काय?”

घरी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, की काकू मुकाट्यानं पानं स्वयंपाकघरात जमिनीवर मांडतात. स्क्रू ठेवायला मिसळणाचा डबा लागतो. लांब स्क्रू मोहरीच्या वाटीत, आखूड जिऱ्याच्या. डेक पुन्हा जोडून झाला तरी दोन स्क्रू उरतातच. “कंपनी जास्तीचे घालते,” असं काका ठामपणे सांगतात. एकदा फोडणीत मोहरी तडतडली पण एक वॉशर काही केल्या तडतडेना, तेव्हा कुठं काकूंच्या लक्षात आलं.

खरा सोहळा मागचं झाकण निघाल्यावर. इतक्या वर्षांत आतल्या रबरी बेल्टचं डांबर झालेलं असतं. ते फ्लायव्हीलवरून काकांच्या बोटावर येतं, बोटावरून नाकावर, तिथून चष्म्यावर, मग फ्रिजच्या दांडीवर आणि शेवटी काकूंच्या पांढऱ्याशुभ्र पंच्यावर. या घरात चोरी झाली तर पोलिसांना ठसे शोधायला अजिबात त्रास नाही. फक्त चोर दरवेळी काकाच निघतील. मग बेल्टचा मार्ग दोऱ्यानं मोजायचा, नवा त्याहून किंचित तोकडा हवा हे स्वतःलाच दोनदा बजावायचं आणि बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या.

‘टेपनं कॅसेट खाल्ली’ असं मात्र त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. “खात नाही हो तो! पिंच रोलर फीत पुढे ढकलतोय, पण बेल्ट सैल पडल्यामुळे पलीकडची चकती ती गुंडाळत नाहीये. भरवणारा भरवतोय आणि गिळणारा झोपलाय, मग तोंडात घास साठणारच!” तेवढ्यात फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते हे सांगून होतं, आणि गाडी लू ऑटेन्सवर येते. फिलिप्सनं १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणली, ती याच्या चमूनं घडवलेली. यंत्र किती लहान हवं हे ठरवायला त्यानं कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा केला होता. पुढे गाडीचं चाक बदलताना तोच ठोकळा जॅकखाली गेला आणि कामी आला. इथं काकांचा गळा दाटतो. काकूंच्या माहेरच्या कुठल्याही कार्याला तो एवढा दाटलेला कुणी पाहिलेला नाही.

परवा पहिल्या मजल्यावरच्या वहिनी त्यांच्या मुलाच्या बारशाची कॅसेट घेऊन आल्या. तीत त्यांच्या आईनं म्हटलेला पाळणा होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आवाज आला, पण गोधडीतून बोलल्यासारखा. काकांनी डोळे मिटले, कान स्पीकरला लावला आणि हेडशेजारचा बारीकसा स्क्रू केसभर फिरवला. ज्या टेपवर रेकॉर्डिंग झालं, त्याच्या हेडचा कोन जुळला नाही तर वरचे सूर दबतात. अजून एक केसभर, आणि पाळण्यातला शब्द न् शब्द लख्ख झाला. मागे बांगड्या वाजल्या, कुणीतरी “घुगऱ्या द्या” म्हणालं. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. काकाही हेलावून म्हणाले, “तुम्हालाही ऐकू आली ना? उजव्या बाजूला घरघर आहे. डाग द्यावा लागेल.”

हे सगळं पाहून पुतण्याला कणव आली. त्यानं घरातल्या यच्चयावत कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि नखाएवढा पेनड्राइव्ह काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“याचे स्क्रू कुठायत?”

“काका, तो उघडायचा नसतो.”

“आणि बिघडला तर?”

“टाकून द्यायचा. नवा घ्यायचा.”

काका काहीच बोलले नाहीत. पुतण्या चहा घेऊन चपला घालेपर्यंत पेनड्राइव्ह दोन तुकड्यांत जिऱ्याच्या वाटीत होता, आणि काका समाधानानं सांगत होते, “मी म्हटलं नव्हतं? यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाहीये.”